माडीवर घर, खाली दवाखाना

भारतातल्या वैद्यकसेवेवर लिहिणाऱ्यांची नजर बहुधा दोन इमारतींवर जाते. एक सरकारी रुग्णालयाची: लांबलचक व्हरांडे, केसपेपरसाठी रांग, खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या. दुसरी काचेची, तळमजल्यावर कॉफीचं दुकान आणि विम्याची खिडकी असलेली. पश्चिम भारतातल्या बऱ्याच मोठ्या वर्गाचा जन्म मात्र तिसऱ्याच इमारतीत झाला. त्याचं अपेंडिक्स तिथेच निघालं आणि त्याच्या आजोबांना शेवटचं सलाईनही तिथेच लागलं. खाली दवाखाना, मागे दहा-बारा खाटा, वर डॉक्टरांचं घर. ही प्रस्तावना त्या तिसऱ्या इमारतीच्या अभ्यासासाठी आहे. वाचणारा समाजशास्त्राचा विद्यार्थी असेल, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असेल, डॉक्टरांच्या घरात जिन्यावरचा पायरव ऐकत वाढलेला असेल किंवा बिल हातात घेऊन चडफडलेला नातेवाईक असेल. सगळ्यांचं स्वागत आहे. डॉक्टर देव की दरोडेखोर, हा वाद तेवढा बाहेर ठेवून यावं. त्या वादात चांगली माणसं वीस-वीस वर्षं अडकली आणि हाती काही लागलं नाही.

सुरुवात देशपांडे नगरापासून करू. हुबळीचा हा भाग मराठी वाचकाला ऐकून माहीत असतो तो गाण्यामुळे. सवाई गंधर्व कलामंदिर इथलं, गंगूबाई हनगल यांचं घर इथलं. गंगूबाईंचं निधन 21 जुलै 2009 रोजी हुबळीतल्याच एका खासगी रुग्णालयात झालं आणि त्यांच्या इच्छेनुसार नेत्रदान झालं; शहराच्या वैद्यकीय इतिहासातही त्यांची एक ओळ आहे ती अशी. या भागातून चालत गेलं की बंगल्यांच्या फाटकांवर एकाखाली एक पाट्या दिसतात: अस्थिरोग, स्त्रीरोग, बालरोग, कान-नाक-घसा. मधेमधे मेडिकलची दुकानं आणि रक्त तपासणारी लॅब. गदग, हावेरी, कोप्पळ, कारवारकडच्या घाटावरचा तालुका, कुठूनही एसटीने आलेला माणूस सरकारी उपचारासाठी विद्यानगरच्या मोठ्या रुग्णालयात जातो, नाहीतर अशा एखाद्या फाटकातून आत शिरतो. आतला व्यवहार कानडीत चालतो, पण त्यात मराठी, उर्दू, कोकणी मिसळलेली असते, आणि जुने डॉक्टर चारही भाषांत 'कुठे दुखतं' विचारू शकतात.

या शहराला वैद्यकाच्या इतिहासात याहून मोठी जागा आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. 1898 मध्ये साथ हुबळीत पसरली, तेव्हा ल्यूमन नावाच्या सर्जन-कॅप्टनच्या देखरेखीखाली इथे तीस हजारांहून जास्त लोकांना लस टोचली गेली. एका शहराची बहुसंख्य वस्ती प्लेगच्या लसीखाली आणण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. त्याचे आकडे पुढे हाफकिन यांच्या युक्तिवादाचा आधार झाले. पुण्यात प्लेगच्या घरझडतीवरून रँड या अधिकाऱ्याचा खून होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं, त्याच प्रांतातल्या दुसऱ्या गावातले लोक हात पुढे करत होते. का? भीती, रेल्वेच्या गावाची व्यवहारी वृत्ती, स्थानिक पुढाऱ्यांचा शब्द, की टोचणारा माणूस रोज समोर दिसत होता म्हणून? हा प्रश्न अजून नीट कुणी घेतलेला नाही. आणि दोष कुणाच्या माथी जातो याचा धडाही याच लसीने दिला. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी टोचून घेतलेले 19 लोक धनुर्वाताने मेले. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात उघडताना, यावर पाच वर्षं वाद झाला आणि तोवर हाफकिन यांचं पद गेलं होतं.

धारवाड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई प्रांतात होता. त्यामुळे इथली मुलं डॉक्टर व्हायला मुंबई-पुण्याला जात, आणि अवघड दुखण्याचा रुग्ण मिरजेला. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय उभारलं होतं आणि हुबळी-धारवाड-बेळगाव-मिरज अशी रेल्वे होती. मानसिक आजारासाठी धारवाडला 1845 पासूनची संस्था होती, आजची डिमहान्स. राज्यं बदलली आणि लगेच 1957 मध्ये हुबळीला कर्नाटक मेडिकल कॉलेज निघालं, पुढे किम्स म्हणून ओळखलं गेलेलं. त्यातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना सरकारी नोकऱ्या पुरणार नव्हत्या. त्यांनी घरं बांधली आणि घरात खाटा टाकल्या. हेच पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, अकोल्यातही त्या तीस-चाळीस वर्षांत झालं. कुणी आखलं नव्हतं, पंचवार्षिक योजनेत त्याचं प्रकरण नव्हतं. तरी 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपणं सोडून, रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक खासगी रुग्णालयांत गेलेले दिसतात. ते सगळे काही काचेच्या इमारतींत गेले नव्हते.

अशा नर्सिंग होमचं अर्थशास्त्र कागदावर कधीच पूर्ण उतरत नाही. जागा वडिलोपार्जित, नाहीतर कर्ज केव्हाच फिटलेलं, म्हणून भाडं हिशेबात नाही. नवरा सर्जन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ. रात्री दोनला खालून बेल वाजली की जिना उतरायचा. ही ड्युटी कुठल्याच पगारपत्रकात नाही. हिशेबाची वही सासरे बघतात. भूलतज्ज्ञ स्वतःची बॅग घेऊन सकाळपासून पाच नर्सिंग होम फिरतो, त्यामुळे त्याचा पगार कुणा एकावर पडत नाही. सिस्टर म्हणवल्या जाणाऱ्या मुली बऱ्याचदा आसपासच्या खेड्यांतल्या, इथेच बघून बघून शिकलेल्या. रात्रीचा आरएमओ बहुधा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. शुश्रूषेचं निम्मं काम नातेवाईक करतात आणि डबा घरून येतो. बिल कमी का होतं, तर ही सगळी कामं त्या बिलाच्या बाहेर होती म्हणून. आणि डॉक्टर ओळखीचे असल्याने बिलातूनही शेवटी काही कापलं जाई, किंवा सुगीनंतर द्या म्हणून सांगितलं जाई.

या चित्राच्या प्रेमात पडायचं नाही. सुनील नंदराज आणि रवी दुग्गल यांनी 1990 च्या दशकात मुंबईत आणि सातारा जिल्ह्यात खासगी रुग्णालयांच्या पाहण्या केल्या. त्या वाचल्या की स्वस्ताईची दुसरी बाजू दिसते: नोंदणीच नाही, प्रशिक्षित परिचारिका नाही, नोंदी नाहीत, जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. मुंबई प्रांताने नर्सिंग होम नोंदणीचा कायदा 1949 मध्येच केला होता, पण तो धूळ खात पडल्याचं 1990 च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे उघड झालं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पाहणीत 2019 मध्ये गर्भाशय काढलेल्या 13 हजारांहून जास्त बायका सापडल्या. त्या शस्त्रक्रिया मुख्यतः अशाच छोट्या खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. मार्च 2017 मध्ये मिरजेजवळ म्हैसाळला ओढ्याकाठी 19 भ्रूण पुरलेले मिळाले. त्या साखळीत सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या डॉक्टरांनाही अटक झाली. सीमा ओलांडून रुग्ण येतो, दलाल येतो, कटही येतो. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याची ही कट प्रॅक्टिस रोखायला महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्याचा मसुदा केला. तो मसुदाच राहिला, आणि यात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही हे त्या मसुद्यापेक्षा जास्त बोलकं आहे.

मग बदललं काय? माझं म्हणणं थोडक्यात असं. पूर्वी त्या घरात तीन गोष्टी एकत्र नांदत होत्या: कष्ट, निर्णय आणि जोखीम. काय तपासायचं, काय कापायचं, किती घ्यायचं, कुणाला फुकट बघायचं आणि चुकलं तर तोंड कुणी द्यायचं, सगळं एका छपराखाली. गेल्या तीस वर्षांत निर्णय एकेक करून घराबाहेर गेले. जोखीम मात्र घरातच राहिली. आजच्या डॉक्टरांच्या बहुतेक तक्रारी, संप, चिडचिड आणि हतबलता या फटीतून निघालेल्या आहेत. रुग्णाचीही तक्रार तिथूनच येते, कारण तो ज्याच्याशी बोलतो त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नाही.

कायद्यापासून बघू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मे 1953 मध्ये विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः दापोलीत डॉक्टर. मुलाला पुण्याला एका नामांकित सर्जनच्या खासगी रुग्णालयात आणलं, तिथे भूल न देता जोर लावून हाड ओढल्याचं न्यायालयांनी मानलं, आणि त्याच रात्री मुलगा गेला. हा खटला पंधरा वर्षं चालून 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो उपचार करताना, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरवर काळजीचं कर्तव्य आहे, हे सूत्र भारतीय कायद्यात रुजलं ते या खटल्यामुळे. नुकसानभरपाई 3,000 रुपये. वादी डॉक्टर, प्रतिवादी डॉक्टर, आणि जागा तीच: एका सर्जनचं स्वतःचं रुग्णालय. कायद्याच्या वर्गात हा निकाल शिकवतात, वैद्यकाच्या वर्गात क्वचित. मी तर म्हणेन, या क्षेत्रात येणाऱ्याने सगळ्यात आधी हा निकाल वाचावा. त्यात खलनायक नाही, एका बापाची आणि एका सर्जनची घाई आहे.

तेव्हा दिवाणी दावा तडीला न्यायला पंधरा वर्षांची चिकाटी लागत होती. 1995 मध्ये शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकसेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि दार रुंद झालं. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी कारवाईला लगाम घातला. 2019 चा नवा ग्राहक कायदा आल्यावर आपण सुटलो असं काही डॉक्टरांना वाटलं, पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीही आशा मावळली. परिणाम सांगायला आकडा लागत नाही. डोकं दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचं सीटी स्कॅन होतं, आणि ते आजारासाठी कमी, फाइलसाठी जास्त असतं. ज्या डॉक्टरला हाताने पोट तपासून अपेंडिक्स ओळखता येतं तोही सोनोग्राफीच्या कागदाशिवाय सुरी उचलत नाही. त्याला दोष देणं सोपं आहे. उद्या वकिलापुढे हाताचा स्पर्श पुरावा म्हणून ठेवता येत नाही.

नियमांच्या बाबतीत सीमेचे दोन काठ वेगळे वागले. महाराष्ट्राने 1949 चाच कायदा चालू ठेवला आणि 2021 मध्ये नियम बदलून रुग्णहक्कांची सनद व दरफलक आणला. कर्नाटकाने 1976 मध्ये आपला कायदा केला, 2007 मध्ये त्या जागी खासगी वैद्यकीय आस्थापनांचा नवा, आणि 2017 मध्ये त्यात दुरुस्ती आणायचं ठरवलं. दरनिश्चिती आणि तुरुंगवास या दोन कलमांवरून नोव्हेंबर 2017 मध्ये राज्यभरचे खासगी डॉक्टर रस्त्यावर आले. बेळगावला विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं, तिथे हजारो जमले. हुबळीसह सगळीकडे ओपीडी बंद. अखेर विधेयक मऊ होऊन मंजूर झालं आणि सरकारने दर ठरवायचे ते सरकारी योजनांच्या रुग्णांपुरते राहिले. या संपाकडे डॉक्टरांच्या बाजूने किंवा रुग्णांच्या बाजूने बघणारे लेख पुष्कळ झाले. माझ्या मते त्यात एक वेगळीच गोष्ट घडली: 12 खाटांचा मालक आणि 400 खाटांची कंपनी एकाच घोषणेखाली उभे राहिले, आणि त्यातून खरा फायदा कुणाचा झाला हे छोट्याला उशिरा कळलं.

कारण छोट्याला मारतो तो दरफलक नाही, ठरलेला खर्च. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्यांना बारकोड हवा, गर्भलिंगनिदान कायद्याचे एफ फॉर्म अचूक हवेत, एनएबीएचच्या दर्जा-प्रमाणपत्रासाठी कागद हवेत, विम्याच्या खिडकीवर एक माणूस हवा. हा माणूस 12 खाटांनाही एक लागतो आणि 100 खाटांनाही साधारण एकच पुरतो. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 नवजात बाळं गेली, एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला. त्यानंतर अग्निसुरक्षेची तपासणी कडक झाली ती योग्यच झाली. पण 1970 च्या बंगल्याला दुसरा जिना कुठून काढायचा? शेजारच्याच्या अंगणातून? कित्येक नर्सिंग होमच्या शेवटाला कारण म्हणून डॉक्टर हा जिनाच सांगतात.

आणि विमा. देशात आरोग्यावर होणाऱ्या खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता, 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आल्याचं सरकारी लेखे सांगतात. ही चांगलीच बातमी आहे, आणि खिशाऐवजी दुसरा कुणीतरी पैसे देतोय असाही तिचा अर्थ आहे. जो पैसे देतो तो प्रश्न विचारतो. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत 'रुग्णालय' कशाला म्हणायचं हे छापलेलं असतं: अनेक पॉलिसींत 10 लाखांखालच्या गावाला किमान 10 खाटा, मोठ्या शहराला 15. 2011 च्या जनगणनेत हुबळी-धारवाड 9 लाख 43 हजारांवर होतं. पुढच्या गणनेत आकडा ओलांडला की 11 खाटांच्या घराचं काय, हा प्रश्न देशपांडे नगरात थट्टेचा नाही. जानेवारी 2024 मध्ये विमा कंपन्यांनी देशात कुठेही कॅशलेस जाहीर केलं, तेही 15 किंवा त्याहून जास्त खाटांच्या नोंदलेल्या रुग्णालयांत. सरकारी योजनेत आणखी एक वळण आहे. कर्नाटकातल्या आरोग्य योजनेत खासगी रुग्णालयात जायला साधारणपणे सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते; म्हणजे विद्यानगरातून चिठ्ठी निघाली तर देशपांडे नगरात खाट भरते. पलीकडे महाराष्ट्राने 2023 मध्ये आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने हरकत घेतली. सीमाप्रश्न आता हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजपर्यंत पोचला आहे. राजकारण बाजूला ठेवलं तरी एका गावात दोन राज्यांच्या दोन योजना असल्या की रुग्ण कुठे जातो, याची पाहणी व्हायला हवी. अभ्यासकाला अशी तयार प्रयोगशाळा वारंवार मिळत नाही.

निर्णय बाहेर जाण्याचं सगळ्यात अवघड उदाहरण मृत्यूचं आहे. पूर्वी डॉक्टर जिन्याजवळ मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात 'आता घरी न्या' म्हणत. बरोबर की चूक, तो संवाद दोन माणसांतला होता. अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नडातल्या हळदीपूरच्या, मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका. 1973 च्या हल्ल्यानंतर त्या अचेत अवस्थेत 2015 मधल्या मृत्यूपर्यंत त्याच रुग्णालयात राहिल्या, आणि त्यांच्यावरच्या 2011 च्या निकालातून उपचार थांबवण्याचा प्रश्न कायद्यात आला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, 2023 मध्ये पद्धत सोपी केली, आणि जानेवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारने त्याच्या अंमलबजावणीचं परिपत्रक काढलं. सोपी म्हणजे अशी: उपचार करणाऱ्या डॉक्टरसह तिघांचं पहिलं मंडळ, मग बाहेरून नेमलेल्या सदस्यासह तिघांचं दुसरं. निकष विचारपूर्वक घातलेले आहेत, त्यांचा गैरवापर होऊ नये हीच इच्छा. पण दोन डॉक्टर असलेल्या घरात दोन मंडळं बसत नाहीत. मग एकतर रुग्ण मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर जातो, नाहीतर जुना हळू आवाजातला संवाद कायद्याच्या नजरेआड चालू राहतो.

हिंसेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बरंच लिहून झालंय. कर्नाटकाने 2009 मध्ये आणि महाराष्ट्राने 2010 मध्ये डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदे केले, 2017 मध्ये धुळ्याला निवासी डॉक्टरला मारहाण झाल्यावर राज्यभर आंदोलन झालं, 2024 मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीच्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं. मला त्यातलं एकच सूत्र नव्याने दाखवायचं आहे. प्लेगच्या वेळी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला तो लोकांच्या घरात शिरणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देण्यासाठीही. कोविडमध्ये, एप्रिल 2020 मध्ये, त्याच कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती झाली ती डॉक्टर-परिचारिकांना लोकांपासून वाचवण्यासाठी. मधल्या 123 वर्षांत डॉक्टर सरकारच्या बाजूचा समजला गेला की लोकांच्या, याचा माग या एका कायद्याच्या आधारे काढता येईल.

पुढची पिढी हा वेगळा धागा. देशात एमबीबीएसच्या जागा 2014 पूर्वी सुमारे 51 हजार होत्या, दहा वर्षांत त्या 1 लाख 10 हजारांच्या वर गेल्या. जागा वाढल्या, शुल्कही वाढलं. कोट्यवधीचं शुल्क भरून आलेल्या मुलाला दहा खाटांच्या घरात गुंतवणूक वसूल होताना दिसत नाही. डॉक्टरांच्या मुलांनी आईवडिलांची झोपमोड पाहिलेली असते. ती पुढे सुपरस्पेशालिटी करतात, बंगळूर-पुण्यात ठरलेल्या रकमेवर नोकरी धरतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही; रात्रीची झोप हीही मिळकतच आहे. फक्त तिथे त्यांना महिन्याचा आकडा गाठायचा असतो. अरुण गद्रे आणि अभय शुक्ला यांच्या 'डिसेंटिंग डायग्नोसिस' या पुस्तकात 78 डॉक्टरांनी नावानिशी किंवा नावाविना हेच सांगितलं आहे. मालकीचा प्रवास बघायचा तर पुण्याचं सह्याद्री बघावं: एका न्यूरोसर्जनने उभी केलेली रुग्णालयं आधी गुंतवणूक कंपनीकडे, 2022 मध्ये कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे आणि 2025 मध्ये मणिपालकडे. ओंटारियोतल्या निवृत्त शिक्षिकेचं पेन्शन आणि कर्वे रस्त्यावरच्या रुग्णाचं बिल यांचा काही काळ संबंध होता, हे वाक्य लिहितानाही गंमत वाटते. देशपांडे नगरातल्या बंगल्यांना असा खरेदीदार येत नाही. तिथे खाटा काढून डे केअर होतं, वर डायग्नॉस्टिक सेंटर येतं, नाहीतर बिल्डर येतो.

यंत्राच्या बुद्धीने एक्स-रे वाचायला सुरुवात झाली आहे, 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी टेलिमेडिसिनला मान्यता दिली आहे. त्याने छोटी जागा वाचेल असं काहींना वाटतं: फिल्म इथे काढायची, वाचणारा कुठेही. शक्य आहे. वाचण्यात चूक झाली तर सही कुणाची, हे ठरेपर्यंत मी उत्साह राखून ठेवतो.

वाचायला काय घ्यावं? रमा बारू यांचं 1998 चं खासगी आरोग्यसेवेवरचं पुस्तक नर्सिंग होमच्या मालकांचा वर्ग कोणता, हे विचारणारं बहुधा पहिलं. वसाहतकालासाठी डेव्हिड अर्नोल्ड आणि मृदुला रामण्णा. नीतीच्या प्रश्नांसाठी 1993 पासून मुंबईतून निघणारं वैद्यकीय नीतिशास्त्राचं नियतकालिक, ज्याचा पाया घालणाऱ्यांत केईएमचे सुनील पंड्या होते. मराठीत डॉक्टरांची आत्मकथनं भरपूर. पण त्यांचं कपाट दोन टोकांना भरलेलं आहे: एकीकडे रवी बापटांसारख्यांचा केईएमचा वॉर्ड, दुसरीकडे हेमलकसा, गडचिरोली, मेळघाट. त्यागाची आणि मोठ्या रुग्णालयाची कथा आपल्याला सांगता येते. पैसे घेऊन, बऱ्यापैकी प्रामाणिकपणे, एका गल्लीत चाळीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या जोडप्याची कथा सांगायला आपण संकोचतो. नायक म्हणावं तर पुरेसा त्याग नाही, खलनायक म्हणावं तर पुरेशी लूट नाही.

कामाला लागायचं तर घाई करावी लागेल. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या. पुढे त्या रद्दीत गेल्या तरी नियम मोडत नाही. दवाखाना बंद होतो तेव्हा खाटा आणि ऑटोक्लेव्ह विकले जातात, रजिस्टरं वजनावर जातात. त्यात कोणत्या गावाहून कोण आलं, किती दिवस राहिलं, काय निघालं, किती भरले आणि किती सोडले, हे बॉलपेनने लिहिलेलं असतं. नावं रुग्णांची आहेत आणि ती उघड करण्याचा हक्क कुणालाच नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याच्या आधीही नव्हता. नावाचा रकाना झाकून बाकीचे रकाने उतरवून घेता येतात. त्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावं लागेल, आणि त्यांच्याबरोबर कंपाउंडरलाही. उधारी कुणाची किती राहिली हे बहुतेक ठिकाणी त्यालाच माहीत असतं.